ट्रोलिंग मोटरची बॅटरी: लेबलावरचा आकडा आणि पाण्यातला हिशोब

बॅटरीवर १०० अँपिअर-तास छापलेलं असतं. ट्रोलिंग मोटर, म्हणजे मासेमारीच्या होडीला पाण्यात हळू ढकलणारी लहान विजेची मोटर, पूर्ण वेगात ५० अँपिअर खेचते. म्हणजे दोन तास चालणार, असा सरळ भागाकार करून लोक मासेमारीला निघतात. साधी पाण्याची लेड-ॲसिड बॅटरी असेल तर सव्वा तासातच मोटर मंदावते आणि परत येताना वल्हं हातात घ्यावं लागतं. मग बॅटरी खराब निघाली, असा निष्कर्ष निघतो. बहुतेक वेळा बॅटरीत काहीच खोट नसते. लेबलावरचा आकडा ज्या अटीवर दिलेला असतो, ती अट ट्रोलिंग मोटर कधीच पाळत नाही. ती अट समजली की बॅटरी किती मोठी घ्यायची, केबल किती जाड लागेल आणि रात्रभरात चार्ज होईल की नाही, हे सगळं कागदावरच काढता येतं.

आधी मोटरची भूक मोजा

ट्रोलिंग मोटरचा जोर हॉर्सपॉवरमध्ये सांगत नाहीत, पाउंड थ्रस्टमध्ये सांगतात. थ्रस्ट म्हणजे मोटर पाण्यात होडीला किती बळाने ढकलते. ढोबळ नियम असा: माणसं, इंधन, सामान आणि बॅटऱ्या धरून होडीच्या दर ४५ किलोमागे किमान २ पाउंड थ्रस्ट हवा. भरलेली होडी ७०० किलोची असेल तर किमान ३१ पाउंड येतात. हा आकडा शांत पाण्याचा आहे. वारा किंवा प्रवाह असेल तर दीडपट धरा, म्हणजे ४७. बाजारात त्याच्या वरची मोटर ५० किंवा ५५ पाउंडांची मिळते, ती घ्यावी. मोठी मोटर कमी वेगात चालवणं हे लहान मोटर सतत पूर्ण वेगात पिळण्यापेक्षा केव्हाही बरं.

५५ पाउंडांपर्यंतच्या मोटरी साधारणपणे १२ व्होल्टवर चालतात, ७०-८० पाउंडांच्या २४ व्होल्टवर आणि १०० च्या वरच्या ३६ व्होल्टवर. पूर्ण वेगात ३० पाउंडांची मोटर सुमारे ३० अँपिअर घेते आणि ५५ पाउंडांची सुमारे ५०. तुमच्या मोटरचा नेमका आकडा तिच्या माहितीपुस्तिकेत असतो. तोच घ्या, अंदाज नको.

पण दिवसभर कोणी पूर्ण वेगात फिरत नाही, आणि इथे एक मोठी सवलत मिळते. पाण्यातून जायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग निम्मा केला तर शक्ती ढोबळमानाने आठव्या हिश्श्यावर येते. ही बचत बॅटरीपर्यंत पोचायची असेल तर मोटरचा कंट्रोल पीडब्ल्यूएम पद्धतीचा हवा. तो वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून मोटरला हवी तेवढीच देतो. पाच पायऱ्यांचा जुना स्विच कमी वेगातली जादा वीज रोधाच्या कॉइलमध्ये उष्णता करून टाकतो. त्या मोटरीत हळू गेलात तरी फायदा मर्यादितच राहतो.

आता एका दिवसाचा हिशोब मांडू. जागेवर जाण्या-येण्यात अर्धा तास पूर्ण वेग, ५० अँपिअरने २५ अँपिअर-तास. वाऱ्यात होडी धरून ठेवायला एक तास, २५ अँपिअरने आणखी २५. आणि काठाकाठाने हळू सरकत तीन तास, १२ अँपिअरने ३६. एकूण ८६ अँपिअर-तास. तुमचे आकडे वेगळे येतील. डीसी (बॅटरीची एकाच दिशेने वाहणारी वीज) मोजणारा क्लॅम्प मीटर पॉझिटिव्ह केबलभोवती लावून प्रत्येक वेगाचा करंट एकदा लिहून ठेवा. मोटर मात्र पाण्यात आणि होडीला जोडलेली असताना मोजा. कोरडी फिरवून आलेला आकडा खोटा असतो आणि सीलही खराब होतं.

लेबलावरचे १०० जातात कुठे

लेड-ॲसिड बॅटरीची क्षमता २० तासांच्या दराने मोजतात. १०० अँपिअर-तास म्हणजे ५ अँपिअरने २० तास, तेही सुमारे २५ अंश तापमानात आणि व्होल्टेज १०.५ पर्यंत उतरेतो. जोरात उपसलं की तीच बॅटरी कमी देते. प्लेटच्या पृष्ठभागाजवळचं ॲसिड लगेच संपतं आणि आतपर्यंत ताजं ॲसिड मुरायला वेळ लागतो. वीज आत असते, पण मागणीच्या वेगाने बाहेर येऊ शकत नाही.

जर्मनीतल्या पॉयकर्ट यांनी १८९७ मध्ये याचं सूत्र मांडलं आणि ते आजही वापरात आहे. गणित करायची गरज नाही, निकाल पाहा. १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून ५० अँपिअर सतत खेचले तर पाण्याच्या साध्या बॅटरीतून सुमारे ६३ अँपिअर-तास मिळतात. एजीएम प्रकारातून (ॲसिड काचतंतूंच्या गादीत शोषलेली बंद लेड-ॲसिड बॅटरी) ८० च्या आसपास आणि लिथियम आयर्न फॉस्फेटमधून (पुढे नुसतं लिथियम) जवळजवळ सगळे. गारठ्यात लेड-ॲसिडचे आकडे आणखी उतरतात.

बॅटरीवर रिझर्व्ह कपॅसिटी मिनिटांत दिली असेल तर ती आधी वाचा. २५ अँपिअरने बॅटरी किती मिनिटं चालते, ते हा आकडा सांगतो. ट्रोलिंग मोटरच्या वापराशी त्याचंच नातं जवळचं. १८० मिनिटं असतील तर १८० × २५ ÷ ६०, म्हणजे ७५ अँपिअर-तास.

यात दुसरी कपात आयुष्याची. लेड-ॲसिड बॅटरी रोज तळापर्यंत रिकामी केली तर तिची आवर्तनं, म्हणजे ती किती वेळा रिकामी करून भरता येते तो आकडा, झपाट्याने घटतात. निम्म्यावर थांबायचं, हा जुना नियम योग्यच आहे. म्हणून ८६ अँपिअर-तासांच्या दिवसासाठी लेड-ॲसिड १७० ते २०० ची हवी. लिथियम ८० टक्क्यांपर्यंत निर्धास्त वापरता येते, तिथे ११० पुरते. वजनात फरक मोठा पडतो. १०० अँपिअर-तासांच्या दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या मिळून ५५ ते ६० किलो भरतात, तर १०० अँपिअर-तासांची एक लिथियम साधारण १२ किलोची. किंमत जास्त असली तरी लहान होडीत लिथियमकडेच आमचा कल आहे. होडी हलकी झाली की मोटरचा करंटही कमी होतो.

इंजिन सुरू करायची बॅटरी मात्र या कामाला लावू नका. तिच्या आत पातळ आणि पुष्कळ प्लेटा असतात. काही सेकंद शेकडो अँपिअर देऊन लगेच चार्ज होत राहायचं, यासाठी ती घडवलेली. तास-तास उपसली की पातळ प्लेटांवरचा लेप गळून तळाशी बसतो. लेबलावर सीसीए (थंडीत इंजिन सुरू करायला क्षणभर मिळणारे अँपिअर) हा आकडा ठळक असेल आणि अँपिअर-तास कुठेच दिसत नसतील, तर ती बहुधा स्टार्टरचीच बॅटरी आहे. ट्रोलिंगसाठी डीप सायकल, म्हणजे खोलवर उपसून पुन्हा भरता येणारी, असं स्पष्ट लिहिलेली हवी. इंजिनाची बॅटरी वेगळीच ठेवा. दिवसभर मोटर चालवूनही शेवटी इंजिन सुरू होणं, हा सुरक्षेचा भाग आहे.

पाण्याच्या बॅटरीला बूच उघडून डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं आणि ती कलली की ॲसिड सांडतं. एजीएम बंद असते आणि होडीचे हादरे चांगले सोसते. जेल बॅटरी चार्जिंगच्या व्होल्टेजबाबत फार नाजूक असते, खास कारण नसेल तर टाळा. लिथियम घेताना दोन गोष्टी तपासा: आतलं बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवून गरज पडली की वीज तोडणारं सर्किट) मोटरच्या कमाल करंटपेक्षा जास्त करंट सतत देऊ शकतं का, आणि ती बॅटरी सिरीजमध्ये जोडायला चालते का. काही लिथियम बॅटऱ्या सिरीजमध्ये चालतच नाहीत. शिवाय लिथियमचं व्होल्टेज शेवटपर्यंत चढं राहत असल्याने, लेड-ॲसिड धरून घडवलेली मोटर तिच्यावर फार वेळ पूर्ण वेगात चालवू नका, अशी सूचना काही मोटर-कंपन्या देतात. आपल्या मोटरची पुस्तिका त्यासाठी एकदा चाळा.

सिरीज आणि पॅरलल

२४ व्होल्टसाठी १२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडतात. पहिल्या बॅटरीचा पॉझिटिव्ह दुसरीच्या निगेटिव्हला एका जाड तुकड्याने जोडा. उरलेला निगेटिव्ह आणि उरलेला पॉझिटिव्ह मोटरकडे जातात. व्होल्टेजची बेरीज होते, अँपिअर-तास तेवढेच राहतात. ३६ साठी याच रीतीने तिसरी जोडायची.

पॅरललमध्ये पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हला निगेटिव्ह. व्होल्टेज १२ च राहतं, अँपिअर-तास दुप्पट होतात. इथे एक बारकावा पुष्कळदा सुटतो. मोटरचा पॉझिटिव्ह एका बॅटरीवरून आणि निगेटिव्ह दुसरीवरून घ्या, म्हणजे दोघींच्या वाटेत सारखीच केबल येते. दोन्ही तारा एकाच बॅटरीवरून घेतल्या तर ती जास्त राबते आणि आधी म्हातारी होते.

दोन्ही पद्धतींत बॅटऱ्या एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या आणि एकाच वेळी घेतलेल्या हव्यात. सिरीजमध्ये दुबळी बॅटरी आधी रिकामी होते आणि दुसरी तिच्यातून करंट रेटत राहते. त्यातून तिचे सेल उलटे चार्ज होऊन मरतात. नव्या बॅटरीबरोबर जुनी जोडली की नवीचं आयुष्यही जुनीच्या मापाने ठरतं.

२४ व्होल्टच्या जोडीतल्या एकाच बॅटरीवरून फिश फाइंडर (पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र) किंवा दिवे घेऊ नका. ती बॅटरी रोज थोडी जास्त रिकामी होत जाते आणि असमतोल साचतो. फिश फाइंडरला लहानशी स्वतंत्र बॅटरी दिली की आणखी एक प्रश्न सुटतो. पीडब्ल्यूएम कंट्रोलमुळे पडद्यावर उमटणाऱ्या रेघा कमी होतात, आणि मोटर जोरात सुरू केल्यावर व्होल्टेज बसून फाइंडर बंद पडत नाही.

जोडणी करताना हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. डोळ्यांवर चष्मा लावा आणि पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. पाना दोन टर्मिनलांवर आडवा पडला तर क्षणात लाल होतो. सगळ्यात महागात पडणारी चूक सिरीजमध्ये होते: उरलेला पॉझिटिव्ह आणि उरलेला निगेटिव्ह एकमेकांनाच जोडले जातात. तो थेट शॉर्ट आहे. म्हणून आधी कागदावर आकृती काढा. मोटर जोडण्याआधी मोकळ्या टोकांवर मल्टिमीटर लावा. भरलेल्या दोन लेड-ॲसिड बॅटऱ्यांवर २५.४ च्या आसपास दिसायला हवं. १२.७ दिसलं तर सिरीज झालेलीच नाही. आकड्यापुढे वजा दिसला तर मीटरच्या तारा पाहा, त्या बरोबर असतील तर ध्रुव उलटे आहेत. उलट ध्रुवांवर मोटरचा कंट्रोल बोर्ड जळू शकतो.

केबल, जिथे निम्मी भांडणं मिटतात

बॅटरी बहुधा मागे असते आणि मोटर नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला. मधलं अंतर पाच मीटर असेल तर करंटला जाऊन-येऊन दहा मीटर तांब्यातून जावं लागतं. तांब्याचा रोध सूत्रात घालून ५० अँपिअरला किती व्होल्ट वाटेत जातात ते पाहू. १० चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये सुमारे ०.८८ व्होल्ट, १६ च्या केबलमध्ये ०.५५ आणि २५ च्या केबलमध्ये ०.३५. बारा व्होल्टांपैकी ३ टक्के म्हणजे ०.३६ व्होल्ट गेले तर चालेल, हा पाळण्याजोगा निकष. म्हणजे या अंतराला खरं तर २५ ची केबल हवी. १६ वर भागवता येतं, पण पूर्ण वेगात थोडा जोर जातो. त्याहून बारीक केबल घालू नका.

२४ व्होल्टचा मोठा फायदा इथे दिसतो. तेवढ्याच शक्तीला करंट निम्मा लागतो, आणि निम्म्या करंटला केबलमध्ये वाया जाणारी शक्ती चौथ्या हिश्श्यावर येते. बॅटऱ्याच नाळेकडे सरकवल्या तर केबल आखूड होते आणि मागे इंजिन, इंधन, बॅटऱ्या असं एकवटलेलं वजनही विभागतं. बॅटरी पेटीत पट्ट्याने घट्ट बांधा. कोणत्याही दिशेला अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये.

केबल कल्हई केलेल्या तांब्याची आणि बारीक तारांची घ्या, खाऱ्या पाण्यात तर नक्कीच. साधं तांबं इन्सुलेशनखाली आतआत काळं पडत जातं आणि बाहेरून कळत नाही. टोकाला तांब्याचा लग (टर्मिनलवर बसणारं भोकाचं टोक) योग्य डायच्या क्रिम्पिंग टूलने दाबा आणि वर आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी हीटश्रिंक नळी बसवा. हातोडीने ठोकलेला लग पहिल्या मोसमातच सैल होतो. पाकोळीच्या नटांऐवजी पान्याने आवळायचे नट आणि लॉक वॉशर वापरा. लग थेट टर्मिनलला भिडलेला हवा, वॉशर त्याच्या वर. वॉशर खाली गेला की सगळा करंट त्या स्टीलच्या चकतीतून जातो.

सैल सांध्यात काय होतं ते आकड्यातच पाहा. एका सांध्यावर अर्धा व्होल्ट पडत असेल तर ५० अँपिअरला २५ वॅट उष्णता त्या एवढ्याशा जागेत तयार होते. लहान सोल्डरिंग आयर्न तेवढ्याच वॅटची असते. प्लग वितळतात ते असे.

दोष शोधायचा असेल तर मोटर पाण्यात पूर्ण वेगात चालवा. मल्टिमीटर आधी बॅटरीच्या टर्मिनलांवर आणि मग मोटरच्या प्लगवर लावा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे वाटेत गमावलेले व्होल्ट. फरक केबलच्या हिशोबापेक्षा जास्त आला तर मीटरची एक तार सांध्याच्या अलीकडे आणि दुसरी पलीकडे टेकवत एकेक सांधा तपासा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दाखवणारा सांधा उघडून घासा. मीटर नसेल तर मोटर बंद केल्यावर प्लग आणि लग हाताने चाचपा. जो गरम लागतो तो दोषी.

ब्रेकर पॉझिटिव्ह केबलवर आणि बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला. बॅटरीपासून १८ सेंटिमीटरच्या आत हा नौकांच्या विद्युत जोडणीतला प्रचलित दंडक आहे. ब्रेकरचं काम केबलला आगीपासून वाचवायचं. म्हणून तो बॅटरीपासून दूर लावला तर त्याच्या अलीकडची सगळी केबल उघडीच राहते. ५५ पाउंडांच्या मोटरीला ६० अँपिअरचा, हाताने रीसेट होणारा आणि डीसीसाठी बनवलेला ब्रेकर लागतो. घरातला एमसीबी इथे लावू नका. घरची वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, तिथे ठिणगी आपोआप विझते. डीसीला शून्य क्षण नसतो, ठिणगी जळत राहते आणि ब्रेकर आतून चिकटतो. जवळ पेट्रोलची टाकी असेल तर इग्निशन प्रोटेक्टेड (आतल्या ठिणगीने बाहेरची वाफ पेटू न देणारा) अशी खूण असलेलाच घ्या.

ब्रेकर वारंवार पडतो म्हणून मोठा बसवू नका. आधी पंखा पाहा. पाणवनस्पती अडकल्या की करंट वाढतो. गळाची दोरी शाफ्टभोवती गुंडाळली असेल तर ती सील कापते आणि पाणी मोटरीत शिरतं. पंख्याची पिन काढून मागची दोरी नियमित साफ करा.

चार्जिंग

१०० अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिडला १० ते २० अँपिअरचा चार्जर योग्य. ५० अँपिअर-तास काढले असतील तर १० अँपिअरच्या चार्जरला मुख्य भरणीलाच पाच तास लागतात. शेवटचा टप्पा संथ असतो, त्याला आणखी दोन ते चार तास. हा टप्पा अर्धवट सोडायची सवय लागली तर प्लेटांवर सल्फेटचे कडक स्फटिक बसतात आणि क्षमता कायमची जाते. म्हणून परत आल्यावर त्याच रात्री चार्जिंगला लावा. आठवडाभर तशीच ठेवलेली निम्मी बॅटरी हळूहळू मरत असते.

चार्जरवरचा प्रकार बरोबर निवडा. पाण्याच्या बॅटरीला शेवटी साधारण १४.४ ते १४.८ व्होल्ट लागतात, एजीएमला १४.४ ते १४.७, लिथियमला १४.२ ते १४.६. लिथियमला इक्वलाइज किंवा डीसल्फेशन मोड (लेड-ॲसिडसाठीचे जादा व्होल्टेजचे मोड) कधीही लावू नका, आणि शून्य अंशाखाली ती चार्ज करू नका. थंडीत सेलच्या आत धातुरूप लिथियमचा थर बसतो, तो पुन्हा निघत नाही. सिरीजमधल्या बॅटऱ्यांसाठी प्रत्येकीला स्वतंत्र जोडणी असलेला मल्टिबँक चार्जर घ्या, म्हणजे जोडण्या न सोडवता प्रत्येक बॅटरी आपापली भरते.

डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावर घालतात. आधी काठोकाठ भरलं तर चार्जिंगमध्ये द्रव फुगून ॲसिड बाहेर येतं. चार्जिंगआधी प्लेटा उघड्या दिसत असतील तर तेवढ्या बुडतील इतकंच घाला. चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो आणि हवेत ४ टक्के झाला की तो पेट घेऊ शकतो. म्हणून पेटीचं झाकण आणि होडीचा कप्पा उघडा ठेवा, आणि चिमटे काढण्याआधी चार्जर बंद करा. टर्मिनलवरची हिरवट-पांढरी भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, पण बुचं घट्ट असल्याची खात्री करून. सोडा आत गेला तर ॲसिड निकामी होतं.

बॅटरी किती भरली आहे हे पाहायचं तर लेड-ॲसिड काही तास स्वस्थ ठेवून मीटर लावा: १२.७ म्हणजे पूर्ण, १२.१ च्या आसपास निम्मी. लिथियमचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, तिथे मीटर फसवतो. तिला शंट (गेलेला-आलेला करंट मोजणारा तुकडा) लावलेला बॅटरी मॉनिटरच हवा. मोसम संपल्यावर लेड-ॲसिड पूर्ण भरून ठेवा आणि महिन्या-दीड महिन्याने तपासा. लिथियम निम्म्यावर ठेवा आणि तिच्या सगळ्या तारा काढून ठेवा.

पाण्यात असतानाच संपत आली तर

लेड-ॲसिडवर मोटर मंदावली तर लगेच पूर्ण बंद करून वीस-तीस मिनिटं थांबा. तेवढ्या वेळात ॲसिड प्लेटांच्या आत मुरतं आणि थोडी क्षमता परत येते. मग सर्वात कमी वेगात काठाकडे निघा. १० अँपिअरला तीच बॅटरी ५० अँपिअरपेक्षा पुष्कळ जास्त देते. वाऱ्याविरुद्ध सरळ जाण्यापेक्षा जवळचा काठ गाठून आडोशाने या. लिथियम आधी काही सांगत नाही. बीएमएस एकदम वीज तोडतं आणि टर्मिनलवर शून्य दिसतं. भार काढून काही मिनिटांनी ती स्वतः जागी झाली तर अगदी हळू चालवा. नाही झाली तर लिथियमचा प्रकार असलेल्या चार्जरशिवाय ती उठत नाही, तेव्हा लिथियम असलेल्या होडीत मॉनिटर २० टक्के दाखवू लागला की परतीला वळा.